पोलादाला पाणी देणारे हात

पहाटेचे सहा वाजण्याच्या सुमारास गुंडलुपेटच्या पुढे, बंडीपूरच्या अरण्याच्या वेशीवर, मालमोटारींची लांबच लांब रांग उभी असते. वन्य प्राण्यांच्या जीवितास धोका पोचू नये म्हणून २००९ सालापासून या अरण्यातील महामार्गांवर रात्री नऊपासून सकाळी सहापर्यंत वाहतुकीस बंदी आहे. अडसर वर उचलला जाताच एकामागून एक इंजिने घरघरू लागतात आणि म्हैसूरकडून आलेला माल केरळच्या दिशेने चालू लागतो. वायनाडचे पठार ओलांडले की थामरश्शेरी घाटाची नऊ अवघड वळणे येतात. खंबाटकी किंवा आंबोली घाट उतरलेल्या आपल्या वाचकांना अशा वळणावर भरलेल्या गाडीची काय अवस्था होते हे सांगावयास नकोच.

त्या वळणावर चालकाचा जीव कशाच्या हवाली असतो? इंजिनाच्या शक्तीच्या नव्हे. इंजिन बंद पडले तर गाडी उभी राहील, इतकेच. त्याचा जीव असतो तो चार-दोन यू-बोल्टांच्या, एखाद्या पिनेच्या, पोलादी पाट्यांच्या आणि ब्रेकच्या हवाली. आणि एकट्या चालकाचाच कशाला? समोरून चढ चढत येणाऱ्या बसमधील माणसांचाही. चाकाजवळच्या वीतभर लांबीच्या धातूच्या तुकड्याशी त्यांचा काही संबंध आहे, याची त्या बिचाऱ्यांना कल्पनाही नसते.

हे तुकडे तयार होतात ते दोन प्रकारच्या ठिकाणी. एक म्हणजे मोठा कारखाना. आणि दुसरे म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. तेथे एक ऐरण, एक वेल्डिंगचे यंत्र, एक सहाणेचे चाक आणि जमल्यास जुना लेथ, एवढ्या सामग्रीवर एखादा मिस्त्री गावातील गाड्यांना हिंडते-फिरते ठेवीत असतो. गाडी उभी राहिली तरी कर्जाचा हप्ता उभा राहत नाही. त्यामुळे भाग तुटला की मालक आधी या शेडकडे धाव घेतो आणि हटकून एकच मागणी करतो: “मिस्त्री, या वेळी चांगला मजबूत करा, पुन्हा तुटता कामा नये!”

मजबूत म्हणजे काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्याचे उत्तर शोधावयास म्हैसूरइतके योग्य ठिकाण विरळा.

म्हैसूरची धातुविद्या

या प्रदेशाला पोलादाचा वारसा फार जुना आहे. चिकणमातीच्या लहान मुशीत शुद्ध लोखंडाचे तुकडे आणि लाकडाचे कपटे घालून, मूस बंद करून, ती कोळशाच्या भट्टीत तापवीत. लाकडातील कर्ब लोखंडात मुरे आणि त्याचे उत्तम पोलाद होई. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर १८००-०१ मध्ये फ्रान्सिस बुकॅनन या इंग्रज सरकारच्या अधिकाऱ्याने म्हैसूरच्या मुलुखात प्रवास करून लोखंड व पोलाद तयार करण्याच्या येथील पद्धतींचे वर्णन लिहून ठेवले आहे. या पोलादाला युरोपात ‘वूट्झ’ म्हणत. कानडीतील ‘उक्कु’ म्हणजे पोलाद, त्यावरून हे नाव पडले असे मानतात. विजेच्या संशोधनामुळे जगप्रसिद्ध झालेल्या मायकेल फॅरडेनेही आपल्या उमेदीच्या काळात या पोलादाचे रहस्य उकलण्याचा प्रयत्न केला होता.

हैदर आणि टिपू यांचे अग्निबाण हा या धातुविद्येचाच एक आविष्कार होय. कागदाच्या किंवा बांबूच्या नळीऐवजी त्यांनी लोखंडी नळी वापरली. लोखंडी नळीने दारूच्या वायूचा अधिक दाब सोसला आणि बाण अधिक दूर गेला. १७८० सालच्या पोल्लिलूरच्या लढाईत त्यांचा प्रताप इंग्रजांनी अनुभवला आणि पुढे विल्यम काँग्रीव्ह याने इंग्लंडात त्यांच्या धर्तीवर आपले अग्निबाण बनविले. २०१८ साली शिवमोग्गा जिल्ह्यातील नगर येथे एका पडक्या विहिरीत असे हजाराहून अधिक अग्निबाण सापडले.

विसाव्या शतकात या परंपरेला आधुनिक रूप दिले ते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी. पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या आणि १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर आपले स्वयंचलित दरवाजे बसविणाऱ्या या कर्तबगार पुरुषाचे महाराष्ट्राशी निकटचे नाते होते. १९१२ ते १९१८ या काळात ते म्हैसूरचे दिवाण होते. त्यांच्याच पुढाकाराने भद्रावतीच्या लोखंडाच्या कारखान्याची योजना आकारास आली आणि १९२३ साली तेथे उत्पादन सुरू झाले. जवळपास दगडी कोळसा नसल्यामुळे तेथील भट्टी सुरुवातीस लाकडी कोळशावर चालत असे.

खुद्द म्हैसूर शहरात १९६१ पासून १९९६ पर्यंत ‘आयडियल जावा’चा मोटारसायकलींचा कारखाना चालला. खाणीतील अवजड डंपर बनविणारा भारत अर्थ मूव्हर्सचा कारखाना १९८४ साली येथे सुरू झाला. तात्पर्य, राजवाडा, चंदन आणि रेशीम यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहराचे हात लोखंडालाही चांगलेच सरावलेले आहेत.

जाडी म्हणजे बळकटी नव्हे

आता आपल्या शेडकडे वळू. एखादा भाग तुटला की त्याच्या जागी दुप्पट जाड पत्रा बसवावा, असे कोणाच्याही मनात प्रथम येते. परंतु धातू किती आहे याच्याइतकाच तो कसा ठेवला आहे, यालाही महत्त्व असते.

घरातील मुलाची लाकडी फूटपट्टी घ्या. ती आडवी धरून वाकवली तर सहज वाकते. तीच कडेवर उभी धरली तर मुळीच वाकत नाही. लाकूड तेच, वजनही तेच. लोखंडाच्या ५० मिलिमीटर रुंद व १० मिलिमीटर जाड पट्टीचे गणित केले तर असे दिसते की, उभी ठेवलेली पट्टी आडव्या पट्टीच्या पाचपट भार तुटल्यावाचून सोसते आणि तिचे वाकणे तर पंचवीस पटींनी कमी होते. मालमोटारीच्या सांगाड्याच्या दोन्ही लांब तुळ्या अशा उभ्या पन्हळीच्या आकाराच्या का असतात, हे यावरून ध्यानात येईल.

याच तुळईचा आणखी एक धडा आहे. भार पडला की तुळईची एक कड ताणली जाते, तर दुसरी दाबली जाते. मध्यावर मात्र जवळजवळ शांतता असते. म्हणून छिद्र पाडणे भागच असेल तर ते तुळईच्या उभ्या अंगात, मध्याजवळ पाडावे. वरच्या किंवा खालच्या कडेच्या पट्टीला ड्रिल कधीही लावू नये. अवजारांची पेटी अडकविण्यासाठी कडेला पाडलेले बोटभर छिद्र हे पुढे तुळई चिरण्याचे निमित्त होऊ शकते.

धातूलाही थकवा येतो

तार एकदा वाकवून तुटत नाही. तीच दहा वेळा इकडून तिकडे वाकवली की तुटते. धातूच्या या गुणाला ‘थकवा’ असे म्हणतात. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटून भीषण अपघात झाला. धडधाकट दिसणारा आस तुटतो कसा, या प्रश्नाने त्या काळचे अभियंते अस्वस्थ झाले. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर या रेल्वे अभियंत्याने वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखविले की, एका दमात जो भार आस सहज पेलतो, त्याहून कितीतरी कमी भार लक्षावधी वेळा आलटून पालटून पडला तर तोच आस मोडतो.

थकव्याची चीर नेहमी दुबळ्या जागी जन्म घेते: काटकोनातील कोपऱ्यात, छिद्राच्या खडबडीत कडेवर, वेल्डिंगच्या शिवणीच्या पायथ्याशी. म्हणूनच वेल्डिंग केलेला जाड तुकडा पुष्कळदा शिवणीच्या अगदी शेजारी तुटतो आणि मालक मिस्त्रीला दोष देतो की जोड कच्चा होता. वास्तविक जोड पक्काच असतो. परंतु त्याच्या उष्णतेने शेजारच्या धातूचा स्वभाव बदललेला असतो.

यावर उपाय आहे, आणि तो फारसा खर्चाचा नाही. कोपरे गोल करावेत. छिद्रांच्या कडा कानशीने गुळगुळीत कराव्यात. आधाराची पट्टी एकदम न संपवता निमुळती करीत न्यावी, म्हणजे भार एका रेषेवर न साचता हळूहळू पसरतो. जेथे बोल्टने काम भागते तेथे सांगाड्याला वेल्डिंग करू नये. चीर पडल्याचा संशय असेल तर एक जुनी युक्ती आहे: भाग थंड असताना स्वच्छ पुसून त्यावर रॉकेल लावावे, काही वेळाने ते पूर्ण पुसून काढावे आणि वर खडूची बारीक भुकटी पसरावी. चिरेत मुरलेले रॉकेल भुकटीत उतरते आणि डोळ्यांना न दिसणारी रेषा काळसर उमटते. ही परीक्षा अर्थातच आगीपासून दूर करावयाची.

पाणीदार पोलाद

मराठीत आपण तेजस्वी माणसाला ‘पाणीदार’ म्हणतो. लोहाराच्या कामातही ‘पाणी’ या शब्दाला खास अर्थ आहे. तापवून लाल केलेले पोलाद एकदम गार करणे म्हणजे त्याला पाणी देणे. विळ्याला, कोयत्याला, कुऱ्हाडीला पाणी दिले नाही तर धार टिकत नाही. परंतु नुसते पाणी दिलेले पोलाद काचेसारखे ठिसूळ होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवावे लागते. त्यामुळे कठीणपणा थोडा उतरतो आणि चिवटपणा येतो.

मालमोटारीचे पाटे हे या विद्येचे उत्तम उदाहरण होय. चाकांच्या वर एकावर एक रचलेल्या ज्या कमानदार पट्ट्या दिसतात, त्या सिलिकॉन व मँगनीज मिसळलेल्या किंवा क्रोमियमयुक्त पोलादाच्या असतात. त्या सुमारे ८५० अंश सेल्सियसपर्यंत तापवून तेलात बुडवितात आणि मग सुमारे साडेचारशे ते पाचशे अंशांवर पुन्हा तापवितात. त्यानंतर कारखान्यात त्यांच्या ताणल्या जाणाऱ्या बाजूवर बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करतात. त्यामुळे पृष्ठभाग दाबला जातो आणि थकव्याची चीर लवकर पडत नाही.

अशा पाट्याला रस्त्याच्या कडेला गॅसची ज्योत लावून पुन्हा कमान दिली किंवा तुटलेला पाटा वेल्डिंगने सांधला, तर हे सारे संस्कार क्षणात पुसले जातात. जेथे ज्योत लागली तेथे पाटा मऊ पडतो. जेथे सांधला तेथे तो ठिसूळ होतो. दिसावयास नवा, पण मनाने खचलेला, अशी त्याची गत होते.

हाती आलेला तुकडा कोणत्या जातीचा आहे, हे ओळखण्याची खूण मात्र शेडमध्येच आहे. सहाणेच्या चाकावर तो टेकवून ठिणग्या पाहाव्यात. कमी कर्बाच्या साध्या पोलादाच्या ठिणग्या लांब व सरळ रेषांच्या असतात. कर्ब जास्त असेल तर त्यांना फाटे फुटून फुलबाजीसारखे तारे उडतात. तसेच तापत्या पोलादाला लोहचुंबक चिकटेनासे झाले की उष्णता सुमारे ७७० अंशांच्या वर गेली असे समजावे. जुन्या लोहारांनी हे ज्ञान रंग पाहून मिळविले होते. भट्टीवर ते छप्पर घालीत, कारण भर उन्हात लाल रंगाची छटा ओळखू येत नाही.

हुणसूर रस्त्यावरील कारखाना

म्हैसूरच्या हुटगळ्ळी औद्योगिक वसाहतीत, हुणसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, ‘ऑटोमोटिव्ह अ‍ॅक्सल्स’ हा कारखाना आहे. १९८१ साली स्थापन झालेल्या या संस्थेमागे पुण्याचा कल्याणी उद्योगसमूह आणि अमेरिकेतील रॉकवेल कंपनी यांचे सहकार्य होते. रॉकवेलचा हा व्यवसाय पुढे मेरिटॉर या नावाने चालू राहिला. नीलकंठराव कल्याणी यांनी १९६१ साली पुण्यात स्थापन केलेल्या ‘भारत फोर्ज’ने अवजड वाहनांच्या घडीव भागांसाठी जगभर नाव मिळविले. त्यामुळे म्हैसूरच्या या कारखान्याकडे मराठी माणूस थोड्या आपुलकीने पाहतो.

येथे मालमोटारींचे आस आणि ब्रेक तयार होतात. मालमोटारीच्या मागील आसाची रचना मोठी शहाणपणाची असते. गाडीचे वजन बाहेरचे कवच पेलते. आतील दांड्याने केवळ पीळ सोसून चाक फिरवावयाचे असते. दांडा तुटला तरी सहसा चाक निखळत नाही. दातेरी चाकांच्या पृष्ठभागात कर्ब मुरवून ती बाहेरून कठीण आणि आतून चिवट केलेली असतात. घडीव भागात धातूचे तंतू भागाच्या आकाराबरोबर वळतात. तोच आकार ठोकळ्यातून कापून काढला तर ते तंतू तुटतात. ही गोष्ट कितीही कुशल हाताला घरच्या ऐरणीवर खात्रीने साधणारी नाही. त्यासाठी प्रचंड दाबयंत्रे, मोजून तापविणाऱ्या भट्ट्या आणि प्रत्येक भागाची तपासणी लागते.

घरच्या शेडची मर्यादा आणि मोठेपण

मग घरच्या शेडने काय करावे? पुष्कळ करावे. हौद्याच्या आडव्या पट्ट्या, फाळक्याच्या बिजागऱ्या, सुट्या चाकाची आणि अवजारपेटीची धारणे, पायऱ्या, मडगार्डचे आधार, डिझेल टाकीच्या खालचे पट्टे, हे सारे घरच्या शेडमध्ये मूळच्याहून अधिक टिकाऊ बनविता येते. या कामात गोल कोपरे, योग्य आकार आणि स्वच्छ शिवण यांचे ज्ञान सोन्याच्या मोलाचे आहे. मात्र आस, स्टिअरिंगचे दांडे, ब्रेकचे भाग आणि पाटे यांना घरी वेल्डिंग करू नये. ते निर्मात्याच्या मापाचे, नवेच बसवावेत. हा नियम जो मिस्त्री पाळतो, त्याच्या हाती गाडी सोपवावी.

अधिक भार नेता यावा म्हणून एखादा जादा पाटा घालून द्या, असा आग्रह पुष्कळ मालक करतात. येथे सर्वांत मोठा धोका आहे. एक भाग बळकट केला म्हणजे ताण नाहीसा होत नाही; तो शेजारच्या भागाकडे जातो. पाटे कडक झाले की धक्का त्यांच्या आधारावर, रिव्हेटांवर आणि सांगाड्यावर बसतो. आणि पाटे वाढले म्हणून ब्रेक काही मोठे होत नाहीत! २०१८ साली केंद्र सरकारने वजनाची कायदेशीर मर्यादा वाढविली आणि दोन आसांच्या मालमोटारीचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांपर्यंत नेण्यास मुभा दिली. तरी विशिष्ट गाडीला किती वजन झेपते, हे तिच्या नोंदणीपत्रावरच पाहिले पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार वाहनात करता येत नाही.

गंमत अशी की, पाटा वारंवार तुटण्याचे कारण पुष्कळदा पाट्यात नसतेच. पाट्यांना मधोमध एक छिद्र असते. त्यातून जाणारा बोल्ट त्यांना एकत्र ठेवतो. त्या छिद्राच्या दोन्ही बाजूंना यू-बोल्ट आवळलेले असतात, तोवर ती नाजूक जागा हलत नाही. यू-बोल्ट सैल झाले की नेमकी तीच जागा वाकू लागते आणि पाटा छिद्रापाशी मोडतो. नवा पाटा घातल्यावर पहिली भरलेली फेरी झाली की यू-बोल्ट पुन्हा मापाने आवळावेत, एवढ्या काळजीने जे साधते ते जादा पाटा घालून साधत नाही.

अशा शेडा बहुधा घरालगतच असतात, म्हणून गृहिणींनीही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वेल्डिंगच्या प्रकाशाकडे मुलांना पाहू देऊ नये. त्याने डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते आणि ती काही तासांनी जाणवू लागते. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करताना निघणारा पांढरा धूर श्वासात गेल्यास ताप येतो. असे काम उघड्यावर करावे. डिझेलच्या रिकाम्या टाकीला तर ठिणगीही लागू देऊ नये. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, कारण तिच्यात वाफ कोंडलेली असते.

ज्या तरुणांना या विद्येत पुढे जावयाचे आहे, त्यांच्यासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वेल्डर, फिटर व मशिनिस्ट यांचे अभ्यासक्रम आहेत आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये कारखान्यात काम करीत शिकण्याची सोय आहे. २०२३ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांत लोहारकामाचाही समावेश करण्यात आला. ऐरणीचे ज्ञान आणि मोजपट्टीचे ज्ञान एका हातात आले, तर घराजवळची शेड ही राष्ट्राच्या उद्योगाची लहानशी पण भक्कम पायरी ठरेल.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी म्हैसूरला आयुधपूजा असते. आपण त्याच दिवसाला खंडेनवमी म्हणतो. राजवाड्यात शस्त्रांची पूजा होते आणि त्याच वेळी गल्लोगल्लीच्या शेडांत ऐरण, हातोडा, पाने आणि वेल्डिंगचे यंत्र यांना हळदकुंकू वाहिले जाते. धुऊन पुसून लखलखीत केलेल्या मालमोटारींना झेंडूच्या माळा घालतात आणि त्यांच्यापुढे कोहळा फोडतात. वर्षभर ज्यांच्या जिवावर घर चालले, त्यांच्याविषयीची ती कृतज्ञता असते.

त्या दिवशी मालकाने आणि मिस्त्रीने मिळून गाडीखाली शिरावे आणि प्रत्येक यू-बोल्ट, प्रत्येक पिन, प्रत्येक शिवण एकदा हाताने चाचपून पाहावी. घाटातील वळणावर समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाचीही ती पूजाच होईल.